लाल मका

फादरांनी चर्चच्या ओसरीवर दोन पिंपं आणून ठेवली आणि गावातल्या माणसांचं बोलणंच बदललं. एक पिंप लाल, दुसरं निळं. फुटबॉलच्या चषकाचा शेवटचा सामना तोंडावर आला होता, आणि तो चर्चच्या अंगणात पडद्यावर दाखवणार होते. लाल सदऱ्यांचा संघ आणि निळ्या सदऱ्यांचा संघ समोरासमोर उभे राहणार होते. वरची आळी निळ्यांच्या बाजूची आणि खालची आळी लालांच्या. हे कधी आणि कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण ह्यावरून डोकी मात्र फुटली होती. ह्या भांडणाला जू घालून कामाला लावायचं, असं फादरांनी मनाशी ठरवलं.

"सामन्याच्या दिवशी ज्या हातांनी एकमेकांची गचांडी धरता, त्याच हातांनी ह्या वेळी धान्य आणा," ते प्रार्थनेनंतर म्हणाले. "ज्या आळीचं पिंप आधी भरेल ती पडद्यासमोर पुढे बसेल. आणि त्याच दिवशी, त्याच अंगणात, ह्या धान्याने तंबूवाल्यांची पंगत उठेल."

तंबूवाले म्हणजे तळ्याच्या बांधाखाली येऊन राहिलेली माणसं. त्यांच्याकडच्या विहिरी आधी आटल्या. इकडच्या आता आटत होत्या, एवढाच काय तो फरक. मागच्या उन्हाळ्यात फादरांनी नुसतं "दान करा" म्हणून सांगितलं, तेव्हा घमेलंभरसुद्धा जमलं नव्हतं. ह्या वेळी पहिल्याच आठवड्यात दोन्ही पिंपांचे तळ झाकले गेले.

ह्या चर्चची एक जुनी रीत होती. दानाचं अन्न शिजलं की पहिला वाडगा देणाऱ्याने खायचा, मग बाकीच्यांना वाढायचं. लोक किडकं, कुजकं धान्य दानात ढकलतात म्हणून कुण्या जुन्या फादरांनी ती घातली होती. कारण सगळे विसरले आणि मान तेवढा उरला. ज्याचं दान मोठं त्याने सगळ्यांसमोर वाडगा उचलायचा, आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या.

खालच्या आळीतल्या घंटेकऱ्याच्या घरून अजून काहीच गेलं नव्हतं.

घंटेकरी म्हणजे आबा. चर्चची घंटा वाजवणं हे त्यांचं काम. त्यांच्या वडिलांचंही तेच होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन ठोके, थांबा, तीन ठोके, थांबा, तीन ठोके. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण दोरीला डोळे लागत नाहीत. तळहात दोरीने घासून घासून चपलेच्या तळव्यासारखे झाले होते. बायको गेलेली, मुलगा दूर दगडाच्या खाणीवर. घरात आबा, सून आणि सुनेची पोरगी बबडी. पावसाने दडी मारली तसा सगळा भार सुनेच्या अंगावर आला होता. ती तळ्यातला गाळ उपसायच्या कामावर जात होती, कारण तळं आटलं की गावाला करण्याजोगं तेवढंच काम उरतं.

नवऱ्याने खाणीवर जाण्याआधी मक्याचं बियाणं आणून ठेवलं होतं. जाड, चकचकीत प्लास्टिकच्या पिशवीतलं. पिशवीवर तरतरीत कणीस छापलेलं, आणि कणसाखाली चौकटीत एक कवटी आणि दोन हाडं. आतला मका विटेसारखा लाल. कीड लागू नये म्हणून औषध चोपडलेला.

"हात लावलास तर साबणाने धू," नवऱ्याने बजावलं होतं. "ह्याचा दाणा पोटात जाता कामा नये. विष आहे विष."

सुनेने मान डोलावली आणि बियाणं माळ्यावर चढवलं. पण ती पिशवी तिच्या डोळ्यांत भरली. त्यांची न्हाणी म्हणजे चार काठ्या आणि भोकं पडलेलं तरट. बाजूनेच रस्ता. ती आंघोळीला बसली की रस्त्याने जाणाऱ्या एकेकाला नेमका तिथेच खोकला यायचा, विडी पेटवायला थांबावंसं वाटायचं. ती गुडघे छातीशी घेऊन, लुगडं अंगावर ठेवूनच पाणी ओतून घ्यायची. नवरा गेल्यावर तिने बियाणं पिठाच्या जुन्या पोत्यात ओतलं, पिशवी उसवली आणि न्हाणीला आडोसा शिवला. कवटी बाहेरून दिसली असती तर अख्ख्या गावाने टवाळी केली असती, म्हणून चित्राची बाजू तिने आत घेतली. तेव्हापासून रोज आंघोळीच्या वेळी कवटी तिच्याकडे बघायची. पहिले दोन-चार दिवस तिला कसंसंच झालं. मग सवय झाली. पुरुषांनी बघण्यापेक्षा कवटीने बघितलेलं परवडलं.

आबांना तिने एवढंच सांगितलं होतं, "माळ्यावरच्या पोत्याला हात लावू नका. बियाणं आहे." का, ते सांगितलं नाही. आबांना नवं काही समजवायला जावं तर त्यांचा जमाना सुरू व्हायचा, आणि तो ऐकायला अंगात त्राण लागायचं. गाळाची पाटी वाहून आलेल्या बाईच्या अंगात ते नव्हतं.

पिंपं भरत चालली तशी लोकांना आणखी चेव आला. खालच्या आळीतल्या शिंप्याने डाळीच्या पुरचुंड्या लाल कापडात शिवून दिल्या. कुणी भोपळ्याला लाल रंग फासला. वरच्या आळीच्या गिरणीवाल्याने तांदूळ खाण्याच्या रंगात बुडवून निळे केले आणि निळ्या पिंपावर असे पसरले की पोरं ते बघायला रांग लावून उभी राहिली. फादरांना हसू आवरेना. चुलीवर बसणाऱ्या मावशीला ते म्हणाले, "शिजवताना धुऊन घ्या म्हणजे झालं. नाहीतर तंबूवाल्यांच्या जिभा निळ्या व्हायच्या."

सामन्याच्या आधीच्या रविवारी आबा घंटा वाजवून ओसरीवर टेकले. सून बबडीला घेऊन पायरीशी उभी होती. गिरणीवाला पिंपांत डोकावून मागे वळला.

"आबा, घंटा वाजवायला दोरी पुरते," तो म्हणाला. "पिंप भरायला धान्य लागतं. तुमच्या घरचं काय आहे ह्यात? मला दिसत नाही, का माझेही डोळे गेले?"

"पडेल," आबा म्हणाले.

"कधी? लाल हरल्यावर?"

लोक हसले. खालच्या आळीतलेही हसले, हे वाईट. आबांनी मान खाली घातली. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या होत्या. ते पायरीवर चप्पल शोधायला लागले आणि त्यांना ती सापडेना. सुनेने वाकून ती त्यांच्या पायाशी सरकवली. सगळे बघत होते.

घरी आल्यावर आबा जेवायला बसले नाहीत.

"घरात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आठवड्याचं पीठ. त्यातलं दिलं तर बबडीच्या ताटात काय घालू?"

"आणि माळ्यावर?"

"ते बियाणं आहे आबा. सांगितलंय ना, हात लावायचा नाही."

"पेरायला पाऊस कुठाय?"

"येईल."

"आमच्या वेळी अशा सालात लोक बियाणंसुद्धा शिजवून खायचे."

"तुमच्या वेळचं वेगळं होतं," सून म्हणाली आणि भांडी घासायला बाहेर गेली. तेव्हा आणखी चार शब्द बोलायला काय झालं होतं, हे पुढे तिने स्वतःला किती वेळा विचारलं त्याला गणती नाही.

तिलाही आबांचं वाईट वाटत होतं. शनिवारी गाळाची मजुरी हातात आली की अर्धी पायली धान्य घ्यायचं आणि गुपचूप लाल पिंपात टाकून यायचं, असं तिने ठरवलं. मग तो आठवडा गाळात गेला. तळ्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या, एकेक भेग पाय अडकून मुरगळेल एवढी. वरचा थर फोडायला पहार, खालचा ओला थर उपसायला फावडं. पाटी डोक्यावर घेतली की गढूळ पाणी कानामागून मानेवर आणि पाठीवर ओघळायचं, आणि वाळलं की कातडी ओढली जायची. वारा पडलेला. आभाळ राखेसारखं. ढग यायचे, थांबायचे आणि जमीन आपली नसल्यासारखे निघून जायचे. मुकादमाने शनिवारी मजुरी दिली नाही. सोमवारी बघू म्हणाला.

ती रिकाम्या हाताने घरी आली तर आबा दाढी करून बसलेले. कितीतरी दिवसांनी गुणगुणत होते.

"ये, बस," ते म्हणाले. "पाणी पी. दमलीस."

सून बिचकली. आबा कधी तिला बस म्हणाले नव्हते.

"तू बोलत नाहीस फारशी," आबा म्हणाले, "तोडून बोलतेस उलट. पण मनाने मोठी आहेस. मला कळत नाही असं समजू नकोस."

 म्हातारपणी माणूस हळवा होतो, तिला वाटलं.  मग बबडीचे हात दिसले. तळवे लाल झाले होते.

"काय फासलंस हे?"

"सांगणार नाही," बबडी म्हणाली. "उद्या गंमत आहे. आबांनी सांगू नको म्हटलंय."

त्या आठवड्यात गावातल्या झाडून सगळ्या पोरांचे हात लाल नाहीतर निळे होते. सुनेने पोरीच्या पाठीत एक हलकी चापट घातली, तिचे हात माती लावून धुतले आणि मग जेवायला वाढलं. संध्याकाळी आबांनी घंटा अशी दणक्यात वाजवली की खालच्या आळीतल्या म्हशी बुजल्या.

रविवारी मुकादमाने अर्धा दिवस काम घेतलं. सामना दुपारनंतर होता. सून तळ्यावरून परतली तेव्हा गाव ओस पडलं होतं. दारं ओढलेली, रस्त्यावर लाल-निळ्या चिंध्या. चर्चकडून गोंगाट येत होता. एकटी शेजारीण तेवढी अंगणात कपाळाला हात लावून बसली होती. तिच्या पुढ्यात कोंबड्या पडल्या होत्या, पाय ताठ आणि चोचींतून चिकट पाणी आलेलं.

"उन्हानं गेल्या बाई," शेजारीण म्हणाली. "काल संध्याकाळी बऱ्या होत्या. सकाळी बघते तर एकेक उलटी पडायला लागली. तुमच्याच दाराशी चरत होत्या."

सुनेने आपल्या दाराकडे पाहिलं. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत, काल दमलेल्या डोळ्यांना न दिसलेले, मक्याचे दाणे सांडले होते. थोडेच, विटेसारखे लाल.

 ती आत धावली, शिडी लावली, माळ्यावर हात फिरवला. धुळीत पोत्याच्या आकाराची जागा तेवढी स्वच्छ होती.

चर्च घरापासून लांब नव्हतं, पण रस्ता चढाचा. सकाळपासून पाटी वाहिलेले पाय तिच्या मनाइतके पळेनात. अंगणात पांढरा पडदा ताणला होता आणि त्यावर पळणारी माणसं पडद्याच्या सुरकुत्यांनी वाकडी दिसत होती. पुढे खालची आळी, म्हणजे लाल पिंप जिंकलं होतं. सगळ्यांत पुढे, फादरांच्या खुर्चीला लागून, आबा. खांद्यावर लाल फडकं, पायाशी बबडी. भिंतीलगत तंबूवाले ओळीने बसलेले, प्रत्येकाच्या पुढ्यात आपापलं भांडं. त्यांच्यातलं कुणी पडद्याकडे बघत नव्हतं. ते सगळे चुलीवरच्या काहिलीकडे बघत होते.

सुनेने आधी पोरीला उचललं.

"काही खाल्लंस? खरं सांग."

"नाही. अजून दिलंच नाही," बबडी म्हणाली. "अर्धा खेळ झाला की देणार."

सून तिला कडेवर घेऊन चुलीशी गेली. मावशी घामाने निथळत ढवळत होती. काहिलीत पिवळा, फुगलेला मका रटरटत होता.

"मावशी, खाली उतरवा हे. ह्यातलं कुणाला द्यायचं नाही."

"का गं? आत्ता तर शिजलंय."

"आमचा मका आहे का ह्यात? लाल?"

"म्हणजे काय! तोच तर जास्त आहे. तुमच्या पोत्यानंच पिंप काठोकाठ भरलं." मावशी हसली. "छान रंगवला होतास हो. पण काळजी करू नकोस, चांगला धुतलाय. पहिलं पाणी रक्तासारखं निघालं. मग धूत गेले, धूत गेले, शेवटी पाणी नितळ आलं. बघ, आहे का कुठे लाल?"

"रंग नाही तो मावशी. विष आहे. बियाण्याला लावतात ते."

मावशीचा डाव थांबला. तेवढ्यात मध्यंतराची शिट्टी झाली, माणसं उठली, आणि फादर हातात ध्वनिक्षेपक घेऊन चुलीकडेच आले. काय झालं ते त्यांनी विचारलं. सुनेने पुन्हा सांगितलं. घाईत शब्द उलटसुलट येत होते. फादरांच्या हातातला ध्वनिक्षेपक चालूच होता, आणि "विष" हा शब्द अख्ख्या अंगणाने ऐकला.

"अहो, पण आबा म्हणाले तुम्हीच रंगवलाय," फादर गोंधळून म्हणाले. "काल सगळ्यांसमोर सांगितलं त्यांनी. माझ्या सुनेनं गुपचूप रंगवून ठेवलाय, माझी मान खाली जाऊ नये म्हणून."

सुनेने आबांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठून, हाताने चाचपत तिच्या आवाजाच्या दिशेने येत होते. तिला सगळं एकदम कळलं. आबांनी पोत्यात हात घातला असणार, बबडीला विचारलं असणार, कुठला रंग गं? आणि पोरीने सांगितलं असणार, लाल. गाव सगळं धान्य रंगवत होतं. सून हात लावू देत नव्हती. आबांनी दोन आणि दोन चार केले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुनेवर खूश झाले.

"आबा, मी नाही रंगवला," ती म्हणाली. "तो तसाच येतो. औषधाचा. विषारी आहे."

अंगणात कुजबुज उठली. गिरणीवाला पुढे सरसावला.

"आता आलं लक्षात," तो म्हणाला. "पाऊस यायची चिन्हं दिसली आणि बियाणं आठवलं! दिलेलं परत हवंय, सरळ सांगा ना. विषबिष कशाला?"

"शिजलेला मका परत घेऊन मी काय पेरणार आहे?" सून ओरडली. "शेजारणीच्या कोंबड्या मेल्यात तो खाऊन!"

"ह्या उन्हात माझ्याही मेल्या," कुणीतरी म्हणालं.

"आपल्याच आळीचं नाक कापतेय," दुसरं कुणी म्हणालं. "तेही आज."

आबा तिच्याजवळ पोचले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"घरी बोलायचं होतंस," ते हळू आवाजात म्हणाले. "द्यायचा नव्हता तर घरी बोलायचं. चारचौघांत कशाला?"

"आबा, तुमची शपथ. पिशवीवर कवटी छापलीय. फादर, न्हाणीला लावलेली पिशवी आहे, मी घेऊन येते, तुम्ही वाचा. तोवर कुणाला एक दाणा वाढायचा नाही. शब्द द्या मला."

"नाही वाढणार," फादर म्हणाले. त्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला. "तुम्ही या. मी इथे उभा आहे."

ती बबडीला कडेवर घेऊनच पळाली. पोरगी रडायला लागली होती. उतार असूनही रस्ता संपेना. न्हाणीशी आल्यावर तिने पोरीला खाली ठेवलं आणि आडोसा ओढला. शिवण तिनेच घातली होती, घट्ट, दुहेरी दोऱ्याची. ती सुटेना. तिने दात लावले, काठीच उपटली. त्याच वेळी चर्चकडून मोठा गलका झाला, टाळ्या वाजल्या. खेळ पुन्हा सुरू झाला वाटतं, गोल झाला, तिच्या मनात आलं. पिशवी टरकन फाटून हातात आली.

परत आली तेव्हा पडद्यावर खेळ सुरू झालेला नव्हता. कसल्यातरी सामानाची जाहिरात चालली होती. तिने पिशवी फादरांपुढे पसरली. साबणाच्या पाण्याने अक्षरं फिकी झाली होती, कवटी मात्र शाबूत होती. फादरांनी वाचलं. मग मोठ्याने वाचायला गेले आणि मध्येच थांबले. गिरणीवाल्याने मान वाकडी करून पाहिलं आणि तो मागे झाला, गर्दीत शिरला.

मावशीने कुणाला न विचारता काहिलीच्या कड्यात दांडा अडकवला आणि ती कलंडून दिली. वाफाळता मका अंगणभर पसरला. तंबूवाल्यांतली एक म्हातारी ओरडत पुढे आली आणि मातीतला मका ओटीत भरायला लागली. तिला दोघींनी धरून मागे ओढलं. ती शिव्या देत होती, आणि त्या एवढ्या खऱ्या होत्या की कुणालाच राग आला नाही.

"कुणी खाल्लं नाही ना?" सुनेने विचारलं.

लोक पडद्याकडे बघायला लागले.

"फादर, कुणी खाल्लं का?"

फादरांनी नुसतं बोट केलं. आबा खुर्चीवर बसले होते. मांडीवर वाडगा होता. पुसून घेतल्यासारखा रिकामा.

"मी कुणाला वाढलं नाही," फादर म्हणाले. "त्यांनी स्वतःच घेतलं. माझ्या घरचं विष असेल तर आधी माझ्या पोटात जाऊ दे म्हणाले. रीतच आहे म्हणाले. मी हात धरला त्यांचा. त्यांनी झिडकारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

म्हणजे तो गलका गोलाचा नव्हता.   तिने मावशीकडून मिठाचं पाणी करून घेतलं आणि आबांच्या तोंडाला लावलं.

"प्या आबा. ओकून टाका."

"इथे?" आबा म्हणाले. "सगळ्यांसमोर ओकायला लावतेस?"

"तुमच्या पाया पडते."

त्यांनी अर्धं प्यायलं, अर्धं सदऱ्यावर सांडलं. ओकारी आली ती तोंडावर लाल फडकं दाबून त्यांनी गिळली. शेवटी तिने आणि मावशीने त्यांना भिंतीआड नेलं. थोडं काही पडलं, फार नाही. दवाखान्यात न्यायला गावात गाडी एकच, दुधाची, आणि ती हमरस्त्यापलीकडे गेलेली. तिला बोलवायला शिंपी सायकलवरून गेला. कुणीतरी पडदा बंद केला. कोण जिंकलं, ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

ऊन उतरत गेलं. लोक घरी जाऊन आपापल्या दारात उभे राहिले. आबांना ओसरीवर आडवं केलं होतं. कपाळावर घाम धरत होता, पुसला तरी पुन्हा यायचा. तोंडाला सारखं पाणी सुटत होतं आणि ते फडक्याने टिपत होते. दंडाचं मांस कातडीखाली आपलं आपणच उडत होतं. सुनेला शेजारणीच्या कोंबड्यांच्या चोची आठवल्या आणि तिने नजर फिरवली.

"मला वाटलं तू रंगवलास," आबा म्हणाले. "माझ्यासाठी."

"मी सांगायला हवं होतं आबा. चार शब्दांचं काम होतं. मी नाही सांगितलं." ती रडत होती आणि पदर तोंडात कोंबत होती.

"बबडीने नाही ना खाल्लं?"

"नाही."

"तंबूवाल्यांनी?"

"कुणीच नाही. तुम्ही एकट्याने."

आबांनी मान हलवली. मग त्यांनी आभाळाकडे तोंड केलं. दिसत काही नव्हतं, पण उजेड किती उतरला ते त्यांच्या कातडीला कळायचं.

"वेळ झाली," ते म्हणाले आणि उठून बसले.

"आज राहू द्या," फादर म्हणाले. "मी वाजवतो."

"तुमचा हात वेगळा आहे. लोकांना कळेल." आबा भिंत धरून उभे राहिले. "आणि नाही वाजली तर काय समजतील गावात? उठा, सरका. गाडी येईस्तोवर वाजवून होईल."

सून त्यांच्या काखेत हात घालून मनोऱ्याच्या दारापर्यंत गेली. तिथे त्यांनी तिचा हात सोडवला. दोरीशी दुसरं कुणी उभं राहिलेलं त्यांना चालत नसे, बायकोसुद्धा कधी चालली नव्हती. दार त्यांनी आतून ओढून घेतलं.

घंटा वाजली. तीन ठोके, स्वच्छ, रोजच्यासारखे. मग थांबा. सुनेने श्वास सोडला. पुन्हा तीन ठोके, त्यातला शेवटचा थोडा उशिरा आला. मग थांबा. हा थांबा लांबला. लांब हमरस्त्याकडून दुधाच्या गाडीचा आवाज यायला लागला होता.

एक ठोका पडला. त्याच्यामागून दोरी सुटल्यावर घंटा आपली आपण हेलकावते तसा एक अर्धामुर्धा, ओशाळा आवाज आला. सून दाराला धडका देत होती. दोन्ही आळ्यांत लोक उंबऱ्यावर उभे राहून उरलेल्या दोन ठोक्यांची वाट बघत होते.